दुसरीत दम नाही

'गेम' हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, यावरून माझं आणि माझ्या मुलाचं आजही वाजतं. तो पुण्यात शिकला, म्हणून त्याच्या तोंडी 'तो गेम'. आमच्या घरात मात्र ती पहिल्या दिवसापासून 'ती'च होती. गेम लागली, गेम अडकली, गेम संपली. मुलगा म्हणतो, "आई, काय फरक पडतो?" त्याला काय सांगणार! व्याकरण हे पेपरात मार्क मिळवण्यापुरतं असतं असं मलाही वाटायचं. पण आमच्या दादाचं जमत आलेलं लग्न निव्वळ या स्त्रीलिंगापायी मोडायला निघालं होतं, आणि तेव्हापासून मी व्याकरणाला वचकून असते.

त्या वेळी आम्ही सावेडीत नवे होतो. गावाचं नाव आता बदललं, पाट्या बदलल्या, तरी एसटीत तिकीट काढताना माझ्या तोंडून 'एक नगर' असंच जातं. बाबा कचेरीत टायपिस्ट होते. दादा माझ्याहून चांगला मोठा, एमआयडीसीत नोकरीला लागलेला, आणि त्यानं 'कामासाठी' म्हणून घरी कॉम्प्युटर आणला होता. काम म्हणजे काय, ते घरात सगळ्यांनाच माहीत होतं. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी होता. आईनं त्याला क्रोशाचं कव्हर विणलं होतं, दसऱ्याला ती त्याच्यावर झेंडूची फुलं वाहायची आणि उरलेलं वर्षभर त्याच्यावर डाफरायची. चालू केला की खालचा डबा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, आणि वीज गेली की यूपीएस गळा काढायचा. स्वयंपाकघरात आई पाटावर कुळथाचे शेंगोळे वळत असायची. लसूण-मिरचीच्या फोडणीचा ठसका बाहेर आला की ती तिथूनच ओरडायची, "मेला का रे तो?" दादा म्हणायचा, "अजून नाही गं." मग आई म्हणायची, "मग गरम गरम जेवून घ्या, नंतर मारा." गेममधल्या राक्षसाला जेवणापुरती अशी मुदतवाढ मिळायची.

त्या गेमचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते आम्ही कधी घेतलं नाही. नायक घोट्यापर्यंत लांब कोट घालायचा, म्हणून तो आमचा कोटवाला. राक्षस मारणं हे त्याचं काम. यात नवल काही नाही. नवल हे की ते नुसते मारून भागायचं नाही, ऐटीत मारावे लागायचे. एकच वार पुन्हा पुन्हा केला तर पडद्याच्या कोपऱ्यात 'डी' उमटायचा. आधी तलवार, मग उडी, हवेत गिरकी, खाली येता येता पिस्तूल, असं नटूनथटून मारलं की डीचा सी व्हायचा, सीचा बी, बीचा ए. एच्याही वर एक 'एस' होता. तो आला की दादा खुर्चीवरून उठायचा आणि घरभर एक फेरी मारून पुन्हा बसायचा. पहिली गेम कडक होती. तिच्यात चुकीला माफी नव्हती, आणि कोटवाला मरायला टेकला तरी राक्षसाला टोमणा मारल्याशिवाय राहायचा नाही. एका राक्षसापाशी दादा इतका अडकला की शेवटी त्याचे डोळे खरंच भरून आले. मी पाहिलेत.

मग त्याच गेमचा पुढचा भाग आला. दादाचा मित्र मनोज यानं सीडी आणून दिली. ही दुसरी. हिच्यात काय होतं ते मला नीट सांगायलाच हवं, कारण आमच्या घरात तिच्यावर फार अन्याय झाला. ती देखणी होती. कोटवाला वळला की कोट त्याच्यामागून निवांत वळायचा, लुगड्याच्या पदरासारखा. तो भिंतीवरून सरळ वर धावत जायचा, हवेत उलटा होऊन दोन दिशांना गोळ्या झाडायचा. शहर केवढं मोठं, संगीत असं की आईसुद्धा कधीतरी शेंगोळ्यांवर त्याचा ताल धरायची. आणि हिच्यात एक बाई होती! लाल केसांची, दोन आखूड सुऱ्या घेऊन लढणारी. ती माझी. दादानं तिला हात लावायचा नाही असा आमचा करार होता. एवढं सगळं असून दुसरीत खोट होती, हे मी तेव्हा मरेपर्यंत कबूल केलं नसतं, आता करते. पिस्तूल इतकं जोरकस होतं की लांब उभं राहून एकच कळ बडवत बसलं तरी राक्षस आडवा व्हायचा. राक्षसही गरीब, पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसे गप उभे. कॅमेरा तर लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखा, नवरा-नवरी सोडून मांडवातलं झुंबर दाखवणारा. आणि कोटवाल्याची वाचाच गेली होती. टोमणा नाही, काही नाही, घुम्यासारखा चालत राहायचा. मला आता वाटतं, ती बनवणाऱ्यांचा समज असा झाला असावा की पहिलीवर लोकांनी जीव टाकला तो कोटामुळे. लोकांनी जीव टाकला होता तो घाम गाळायला लागल्यामुळे.

नेमकं त्याच दिवसांत दादासाठी मुली बघणं चाललं होतं. पहिली मुलगी देवळाली प्रवऱ्याची, आमच्या आत्याच्या नणंदेची लेक. आत्या तिथंच दिलेली, म्हणजे स्थळ तिनंच आणलेलं. दादा बघून आला, जेवला आणि झोपला. दुसरी कोपरगावची, वर्षा. तिला बघून आला आणि सरळ स्वयंपाकघरात ओट्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, सगळे गप्प बसले होते, तेवढ्यात चहा देता देता तिनं विचारलं, "साखर जास्त नाही ना झाली? आमच्याकडं कारखाना जवळ आहे, हात आखडत नाही." याला उत्तरच सुचेना. घाबरून म्हणाला, "नाही, कमीच आहे." तर ती आत गेली आणि आणखी दोन चमचे घेऊन आली. तो पाक दादा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. हे त्यानं आईला सांगितलं, मला सांगितलं, आणि रात्री पुन्हा मलाच सांगितलं. आम्ही समजलो. बाबा होकार कळवायला चांगला वार बघत होते.

वार सापडायच्या आत आत्या आली. पिशवीभर ऊस, डबाभर काकवी आणि तोंडात 'काय ठरलं?' घेऊन. दुपारी जेवून ती मधल्या खोलीत आडवी झाली. मधल्या आणि बाहेरच्या खोलीत फक्त एक पडदा. बाहेर मी आणि दादा, समोर दुसरी लावलेली, आणि आमचा रोजचा वाद.

"पहिलीची सर नाही हिला," दादा म्हणाला. "ही नुसती दिसायला."

"दिसायला तर दिसायला! अंगावरचे कपडे बघ ना कसे झुळझुळतात."

"कपडे काय चाटायचेत? पहिलीत कसं चटकदार बोलणं होतं. दुसरीत तोंडच उघडत नाही."

"पहिली किती अवघड होती पण! रडवलं होतं तुला."

"अवघडच पाहिजे, त्यातच गोडी असते. हिच्यात काही यायला नको, काही नको. दुसरीत दमच नाही, शुभे."

"मग काय करणार?"

"काय करणार, परत देऊन टाकतो. पहिलीच बरी."

पडद्यामागं आत्याच्या बांगड्या वाजल्या, एवढं मला आठवतं. आम्हाला वाटलं, कूस बदलली असेल. कूस नव्हती बदलली. ती उठून चपला घालत होती. आत्या मनानं वाईट नव्हती. तिला जे ऐकायचं होतं तेच कानावर आलं, आणि ते भाच्याच्या स्वतःच्या तोंडून आलं, त्यात तिचा काय दोष? घरातल्या फोनला बाबा कुलूप लावून जायचे, म्हणून फोनपाशी लिहून ठेवलेला नंबर घेऊन ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली आणि कोपरगावला मुलीच्या वडिलांना नकार कळवून आली. आता नकार द्यायची आपल्याकडं एक रीत आहे. पत्रिका जुळत नाही म्हणायचं, मंगळावर ढकलायचं, सगळ्यांची अब्रू झाकली जाते. पण आत्याला आडपडदा माहीत नव्हता. तिनं कारणं सांगितली. ऐकली होती तशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. बाबांनी तो कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. वर्षाचे वडील, अण्णा, कोपरगावहून ओरडत होते ते आम्हाला न्हाणीघरापर्यंत ऐकू येत होतं.

"दिसायला चांगली हाय पर दम न्हाई म्हनं! तोंड उघडत न्हाई म्हनं! काय येत न्हाई म्हनं तिला! अवो पावनं, दोन म्हशींची धार काढून कॉलेजात जाती माझी पोरगी. अन् पोरगं तुमचं, चहात साखर किती हे बी त्याला सांगता येईना!"

बाबांनी फोन ठेवला आणि दादाकडं बघितलं. "सतीश, हे तू बोललास?"

"पोरगंच बोललं की," आत्या म्हणाली. "म्या ह्या कानानं ऐकलं. पहिलीच बरी म्हनला."

दादा ओरडला, "आत्या, अगं ती गेम होती!"

"कोन गेली हुती?"

समजावून सांगायला बराच वेळ लागला, आणि सांगून झाल्यावरही आत्याला ते सोयीचं खोटं वाटत होतं. आई डोळ्याला पदर लावून बसली. दादा तर जिन्यात जाऊन बसला, त्याला मी तसा कधी पाहिला नव्हता. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी हसूही आवरेना, आणि या दोन्ही गोष्टी एकदम होतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शेवटी बाबांनीच पुन्हा फोन लावला. "अण्णासाहेब, गैरसमज झालाय. ती गेम होती हो."

पलीकडून अण्णांचा आवाज आणखी चढला. "गेम? माझ्या पोरीचा गेम केला तुमी?"

आमची सोवळी स्त्रीलिंगी गेम तारेतून कोपरगावला पोचेपर्यंत पुल्लिंगी झाली होती, आणि त्या लिंगात तिचा अर्थ कुणाचा तरी काटा काढणं असा होतो. मी बाबांच्या हातातून फोन घेतला आणि जमेल तसं सांगितलं, कॉम्प्युटर, सीडी, कोटवाला, पहिली, दुसरी. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तू पोर हायेस, तुला काय बोलत न्हाई. पर डोळ्यानं बघितल्याबिगर मी मानायचा न्हाई. आमी येतो. दाखवा ती दुसरी. खोटं निघालं तर ह्या पोराला आख्ख्या तालुक्यात कुनी पोरगी देनार न्हाई, हे लिहून घ्या."

अशा रीतीनं आमच्या घरी एका गेमला बघायचा कार्यक्रम ठरला. मुहूर्त भारनियमनाचं वेळापत्रक बघून काढला. आईनं बैठकीवर चादर घातली, क्रोशाचं कव्हर धुऊन वाळवलं आणि कांदे चिरायला घेतले, कारण बघायचा कार्यक्रम म्हटल्यावर पोहे आलेच, मग बघायचं कुणाला का असेना. अण्णा आले ते पांढऱ्या टोपीत, जीपमधून, आणि त्यांच्या मागून वर्षा उतरली. तिनं येऊ नये असं तिच्या घरी सगळ्यांचं म्हणणं होतं. ती म्हणाली होती, "दम कुणात नाही ते मला पण बघायचंय." हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा दिसली ती फक्त आंबा रंगाच्या ड्रेसमधली एक ठेंगणी मुलगी, जिनं आल्याआल्या दादाकडं नाही, कॉम्प्युटरकडं निरखून बघितलं.

पोह्यांचा ट्रे कुणी न्यायचा यावर स्वयंपाकघरात कुजबूज झाली. आईचं म्हणणं मी, बाबांचं म्हणणं आई. मी ट्रे दादाच्या हातात दिला. तो मान खाली घालून बाहेर गेला आणि एकेकाला बशी देऊ लागला. वर्षानं बशी घेताना ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"हं," अण्णा म्हणाले. "हिचं मूळ गाव कोनतं?"

"जपान," दादा म्हणाला.

"लांब हाय."

दादानं आधी गुण दाखवले. कोटवाला भिंतीवरून धावला, हवेत उलटा झाला, कोट मागून वळला. अण्णांनी पोह्यांचा घास थांबवला. "कापड भारी हाय पर." आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "उन्हाचा कोट कशापायी घालतो मेला?" मग माझी लाल केसांची बाई दाखवली, तीही पसंत पडली. मग दादा घसा खाकरून म्हणाला, "आता खोट." त्यानं मोठा राक्षस काढला, रेड्याच्या तोंडाचा, अर्धा पडदा व्यापणारा. लांब उभा राहिला आणि एक कळ बडवत राहिला. राक्षस कोसळला.

"बघा, दम नाही ना?"

अण्णांनी मान हलवली. "तुला येतंय म्हनून सोपं. माझा गडी बी कोयत्यानं ऊस तोडतो तर वाटतं सोपंच. ज्याला काय येत न्हाई त्यानं मारून दावावा, तर मी खरं मानीन."

दादाला येत होतं, मला येत होतं. आईबाबा लांब सरकले. आत्यानं तर हात पदराखाली घेतले. दादाचं सगळं त्या रेडातोंड्या राक्षसावर येऊन ठेपलं होतं, आणि त्याला मारायला माणूस मिळेना.

"मी बसते," वर्षा म्हणाली.

तिनं कीबोर्डला जन्मात हात लावला नव्हता. मी तिला एक कळ दाखवली, फक्त एक. "ही दाबत राहायची." ती खुर्चीवर बसली. बशी तिनं सोडली नाही, डाव्या हातात धरून ठेवली आणि उजव्या हाताच्या एका बोटानं ती कळ ठोकू लागली. मग तिला सुचलं, तिनं बशी मांडीवर ठेवली, डाव्या हाताचं बोट कळीवर ठेवलं आणि उजव्या हातानं पोहे खायला लागली. पडद्यावर राक्षस डरकाळ्या फोडत होता, आग ओकत होता, कॅमेरा मधूनच आकाश दाखवत होता, आणि वर्षा शेंगदाणा वेचून खात होती. जन्मभर दुसरीची बाजू घेणारी मी, त्या दिवशी मनातल्या मनात म्हणत होते, देवा, हिच्यात अजिबात दम नसू दे. राक्षस गुडघ्यावर आला. वर्षानं आणखी एक घास घेतला. राक्षस फुटला.

बाबांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यात भला मोठा 'डी' उमटला.

"डी म्हंजे?" अण्णांनी विचारलं.

"नापास," मी म्हणाले. "मारलं, पण ऐटीत नाही मारलं."

"म्हंजे जिंकूनशानी नापास?" अण्णा हसायला लागले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पोट धरून हसले. "खरंच दम न्हाई की हिच्यात!" मग हसू ओसरलं आणि त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "बरं. हिचं कळलं. आता माझ्या पोरीबद्दल तुझं म्हननं काय, ते तिच्या म्होरं सांग."

दादा उभाच होता. त्याच्या हातातल्या रिकाम्या ट्रेमधला चमचा थरथरून वाजत होता. मला वाटलं, आता हा कोटवाल्यासारखा घुम्या होणार आणि सगळं मुसळ केरात जाणार.

"मला त्या दिवशी काही बोलायला सुचलं नाही," दादा म्हणाला. वर्षाकडं न बघता, ट्रेकडं बघत. "एसटीत बसलो आणि सुचायला लागलं. नगर येईपर्यंत मी तुमच्याशीच बोलत होतो. शेजारचा माणूस उठून पुढच्या सीटवर गेला. पहिलीकडून... म्हणजे देवळालीहून येताना मला झोप लागली होती. एवढंच आहे."

आत्यानं तोंड फिरवलं. अण्णा लेकीकडं बघत होते, बाबा अण्णांकडं, आई सगळ्यांकडं. वर्षानं बशीतला शेवटचा घास संपवला, बशी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले. पडद्यावर पुढचा राक्षस येऊन उभा राहिला होता. ती खुर्चीवरून उठली आणि खुर्ची थोडी मागं ओढली.

"वन्सं, बसा तुम्ही," ती म्हणाली. "ह्यांचे हात अजून कापतायत."

मी मागं वळून आत्याकडं बघितलं. आई तिलाच वन्सं म्हणायची, त्या घरात वन्सं म्हणजे आणखी कोण असणार? आत्या माझ्याकडंच बघत होती, तोंड उघडं टाकून. मग तिनं पदरानं डोळे पुसले, उठली आणि मला पाठीत एक धपाटा घातला.

"बस की, भवाने," ती म्हणाली. "तुला बोलावतीया."